नॅनो चांदीच्या बाटलीने हळदीची कंदकुज थांबेल का?

समुद्रपूर तालुक्यातल्या एका तरुण कास्तकाराचा प्रश्न आहे. त्याच्याच शब्दांत देतो:

"सर, दीड एकर हळद हाये. पोळ्यापासून खालच्या अंगाचे तासं पिवळे पडून रायले. कृषी केंद्रवाल्यानं नॅनो सिल्व्हरची अर्ध्या लिटरची बाटली दाखवली. त्याच्यावर १००० पीपीएम लिवलं हाये, एकराले एक बाटली. म्हणते, कंदकुज, करपा, मिरचीचा डायबॅक, सगळ्यावर चालते. पुतण्या कॉलेजात हाये, तो म्हणते बाटली कायले, कडुनिंबाचा पाला अन् सिल्व्हर नायट्रेट आणून घरीच बनवू. धुऱ्याकडे दहा गुंठे भिवापुरी मिरची पण हाये. काय करू?"

भाऊ, आधी खालच्या अंगाचं पाणी काढा, मग बाटलीचं बोलू.

तुमच्या प्रश्नात मला सगळ्यात कामाचे वाटले ते दोन शब्द: 'खालच्या अंगाचे'. पिवळे पडले ते उताराकडचे तास, म्हणजे पिकाच्या ओळी. रोग वावरभर विखुरलेला नाही, उताराकडून वर येतोय. कंदकुज अशीच येते. तरी खात्री करा. पिवळं पडलेलं एक झाड बुंध्याशी मुठीत धरा आणि सरळ वर ओढा. चांगलं झाड सहसा येत नाही, जोर लावावा लागतो. कंदकुजीचं झाड लोण्यातून सुरी निघावी तसं हातात येतं. बुंध्याचा भाग पाण्यात भिजवल्यासारखा मऊ, तपकिरी दिसतो. नख लावलं की आत जातं. नाकाजवळ धरा, सडका वास येईल. कंद फोडल्यावर आत पांढुरक्या अळ्या दिसल्या तर ती कंदमाशी. ती आधी आली की कुज आधी आली यावर आम्हा अभ्यासकांत जुना वाद आहे, तुम्ही त्यात पडू नका, दोघींचाही बंदोबस्त करायचाच आहे. झाड घट्ट असेल आणि फक्त पानं करपली असतील तर गोष्ट वेगळी. तो पानांवरचा करपा किंवा टिक्का, त्याने कंद सडत नाही.

आता ही कुज करतं कोण, ते समजून घ्या. पुढचं सगळं त्यावर उभं आहे. हळदीच्या कंदकुजीत मुख्य गुन्हेगार पिथियम. आपण सवयीने त्याला बुरशी म्हणतो, पण तो खऱ्या बुरशीच्या घराण्यातला नाही. खऱ्या बुरशीच्या भिंतीत कायटिन असतं, याच्या भिंतीत सेल्युलोज. घराणंच वेगळं, त्यामुळे खऱ्या बुरशीवर चालणारं कार्बेन्डाझिमसारखं औषध याच्यावर चालत नाही. कितीतरी कास्तकार वर्षानुवर्षं कंदकुजीवर कार्बेन्डाझिम ओततात आणि 'औषधात दम राहिला नाही' म्हणतात. दम आहे, पण नेम चुकलाय. या पिथियमचे बीजाणू पाण्यात पोहतात. शेपटी असते त्यांना. सरीत पाणी साचलं की एका कंदावरून दुसऱ्यावर जायला त्यांना रस्ता मिळतो. तुमच्या खालच्या अंगाला पोळ्यापासून तोच रस्ता मोकळा आहे.

नॅनोवर माझा राग नाही. उलट दहा-बारा वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत मीच पहिल्यांदा हौसेने चांदीचे कण बनवले होते, त्या दिवसाचा आनंद अजून आठवतो. कडुनिंबाच्या पानांचा काढा गाळून थंड केला, सिल्व्हर नायट्रेटच्या, म्हणजे चांदीच्या विरघळणाऱ्या क्षाराच्या, पाण्यात थेंब थेंब सोडला आणि शंकूपात्र खिडकीत ठेवलं. फिका पोपटी रंग तासाभरात पिवळा झाला, दुपारपर्यंत चहासारखा. चांदीचे कण इतके बारीक झाले की निळा-जांभळा उजेड ते खातात आणि आपल्याला पाणी पिवळं दिसतं. ज्या धातूची आपल्याकडे ताटं-वाट्या होतात तो धातू डोळ्यांसमोर चहाच्या रंगाचा होतो, हे पाहून कुणीही भुलेल. मीही भुललो होतो.

नॅनो म्हणजे १ ते १०० नॅनोमीटरचा कण. याने फरक का पडतो, ते हिशेबाने बघा. दुकानातल्या साध्या ताम्र बुरशीनाशकाचा कण दोन मायक्रॉनचा, म्हणजे दोन हजार नॅनोमीटरचा धरा. तेवढंच तांबं पन्नास नॅनोमीटरच्या कणांत फोडलं, तर एका कणाचे चौसष्ट हजार कण होतात आणि एकूण पृष्ठभाग चाळीस पट वाढतो. धातूचे विद्युतभारित कण, ज्यांना आयन म्हणतात, ते या पृष्ठभागावरूनच सुटतात. पृष्ठभाग वाढला की आयन भराभर सुटतात, बीजाणूच्या पातळ पडद्याला भोक पाडतात, आत जाऊन प्रथिनं बिघडवतात, ऑक्सिजनची उग्र रूपं तयार करून त्याला आतून जाळतात. एकाच वेळी अनेक ठिकाणी मार बसतो, त्यामुळे रोगाला सहज प्रतिकार तयार करता येत नाही. इथपर्यंतचं सगळं खरं आहे. दुकानदारही एवढंच सांगतो, फक्त पुढचं सांगत नाही.

धातूने रोग मारणं तर तुम्हाला नवीन नाहीच. तुमच्या भागातल्या संत्र्याच्या बुंध्यांना निळसर बोर्डो पेस्ट लावलेली दिसते ना? फ्रान्समध्ये बोर्दो भागात रस्त्याकडेच्या द्राक्षवेलींवर लोक चोरांना भीती वाटावी म्हणून मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुन्याचं निळं पाणी शिंपडत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा हा पानांवरचा रोग कमी आहे. १८८५ साली त्याने ते मिश्रण जगापुढे मांडलं. गंमत म्हणजे द्राक्षाचा तो केवडा, आपल्या संत्र्याचा डिंक्या आणि तुमच्या हळदीचा पिथियम, हे तिघे एकाच भावकीतले. तांबं या भावकीचं जुनं वैरी आहे, कारण पोहणाऱ्या बीजाणूला भिंतच नसते, तांब्याचा आयन लागला की तो फुटतो.

मग त्याचाच बारीक कण आणखी चांगला का नाही चालणार? प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायला प्रयोगशाळेतली ताटली आणि तुमचं वावर शेजारी शेजारी ठेवून बघावं लागेल.

ताटलीत आम्ही काय करतो? बटाट्याच्या अर्काची आणि साखरेची जेली वितळवतो, ती कोमट असताना तिच्यात नॅनो कण मिसळतो, काचेच्या ताटलीत ओततो. गोठली की मधोमध बुरशीचा लहानसा गोल तुकडा ठेवतो. सात दिवसांनी पट्टी लावून वाढ मोजतो. साध्या जेलीवर ती ताटलीच्या कडेपर्यंत पोचलेली असते, नॅनोच्या जेलीवर मधेच थांबलेली. फोटो सुरेख येतो, शोधनिबंधातही आणि जाहिरातीतही. पण या ताटलीत बुरशीला पळायला जागा कुठे आहे? ती जे खाते त्यातच विष आहे, चारी बाजूंनी. ऊन नाही, पाऊस नाही, माती नाही.

एकदा एक विद्यार्थी असे फोटो घेऊन माझ्याकडे आला. मिरचीच्या फळकुजीची बुरशी, चांदीचे नॅनो कण, वाढ जवळपास बंद. मी विचारलं, "यात जेवढी चांदी आहे तेवढीच साध्या सिल्व्हर नायट्रेटची दिलेली ताटली कुठाय?" ती नव्हती. "नुसत्या पाल्याच्या काढ्याची?" तीही नव्हती. परत पाठवला. महिन्याने आला तेव्हा पोराचा चेहरा उतरला होता. साध्या सिल्व्हर नायट्रेटनेही बुरशी जवळजवळ तेवढीच थांबली होती. म्हणजे नॅनोचं म्हणून जे नाव झालं असतं, त्यातला मोठा वाटा साध्या विरघळलेल्या चांदीचा होता. त्याने हे प्रामाणिकपणे लिहिलं, याचं मला जास्त कौतुक वाटलं. कुणी नॅनोचा निकाल दाखवला की मी आजही आधी या दोन ताटल्या मागतो.

आता वावर. ताटलीवरचे बरेचसे आकडे दहा ते काहीशे पीपीएममधले असतात. पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग, पाण्यात धरलं तर लिटरला किती मिलिग्रॅम. आपण १०० पीपीएम धरू. एक एकर जमीन, वरची पंधरा सेंटिमीटर माती, म्हणजे हळदीचा कंद जिथे बसतो तेवढीच. ही माती साधारण आठ लाख किलो भरते. तिच्यात ताटलीसारखे १०० पीपीएम आणायचे तर किती चांदी लागेल? ऐंशी किलो. बरं, सगळ्या मातीला नको, फक्त कंदाभोवतीच्या दहाव्या हिश्श्याला देऊ, तरी आठ किलो. भाव सराफाला विचारा. आणि तुमच्या बाटलीत किती आहे? अर्धा लिटर, १००० पीपीएम, म्हणजे अर्धा ग्रॅम. पोरीच्या पैंजणातलं एखादं घुंगरू. ते तुम्ही एकरभर ओतणार आणि कंदकुज थांबायची वाट पाहणार.

फवारणीचाही हिशेब करू. एकराला २०० लिटर पाणी, त्यात अर्धा ग्रॅम चांदी, म्हणजे अडीच पीपीएम. ज्या ताटलीचा फोटो दाखवून बाटली विकली, तिच्यातला आकडा एकदा दुकानदाराला विचारा.

एवढ्यावर संपत नाही. आपली काळी माती चिकणमाती आहे, चुनखडीची आहे, सामू (पीएच) आठच्या आसपास. तिच्यात तांबं गेलं की चुन्याशी आणि चिकणकणांशी बांधलं जातं. चांदीचं तर विचारूच नका. जिथे पाणी साचून हवा तुटली तिथे मातीत गंधकाचे सल्फाइड तयार होतात आणि चांदी त्यांच्याशी जोडून काळी, न विरघळणारी होऊन बसते. घरातली चांदीची वाटी काळी पडते ना, तेच. म्हणजे जिथे कंदकुज जोरात आहे, नेमकी तिथेच चांदी सगळ्यात लवकर निकामी होते. कण लहान केला म्हणून बुरशीपर्यंतची वाट लहान होत नाही.

पाण्याची गोष्ट मला स्वतः पाहिल्यावर पटली. मागे आम्ही चांगले बनलेले चांदीचे कण तीन परीक्षानळ्यांत घेतले. एकीत ऊर्ध्वपातित पाणी घातलं, दुसरीत आमच्याकडच्या विहिरीचं, तिसरीत दर्यापूरकडच्या खारपाणपट्ट्यातल्या विहिरीचं. पहिली नळी संध्याकाळी तशीच पिवळी होती. दुसरी मंद झाली. तिसरीचं पाणी राखाडी होऊन तळाशी बारीक गाळ बसला. मीठ असलेल्या पाण्यात कण एकमेकांना चिकटतात, गुठळ्या होतात आणि नॅनो नॅनो राहत नाही. त्यात कण न होता सिल्व्हर नायट्रेट तसंच उरलं असेल तर क्षाराशी जुळून पांढरं दही होतं, उन्हात ते जांभळट पडतं. वनस्पतीच्या काढ्याचं वेष्टन असलेले कण थोडा जास्त वेळ तग धरतात, पण शेतकरी टाकी भरतो ती विहिरीवरून, काचेच्या बाटलीतून नाही. तुमच्या बाटलीवर 'पाणी कोणतं वापरावं' हे लिहिलंय का बघा. बहुधा नसेल.

आता पुतण्याच्या कारखान्याबद्दल. पोराला नाउमेद करू नका, प्रयोग म्हणून करू द्या. पण हे वावरात ओतायचं औषध नाही. एक मिलिमोलचं द्रावण, म्हणजे लिटरभर पाण्यात सिल्व्हर नायट्रेट १७० मिलिग्रॅम. त्यातली सगळी चांदी कण झाली तरी १०८ पीपीएम. एकराला २०० लिटर बनवायचं तर चौतीस ग्रॅम सिल्व्हर नायट्रेट लागेल, आणि ते काही मोरचूद नव्हे, किराणा दुकानाच्या भावात मिळत नाही. हाताला लागलं तर कातडी काळी पडते, डोळ्यात गेलं तर इजा करतं. शिवाय कडुनिंबाचा पाला वैशाखातला वेगळा, श्रावणातला वेगळा. एकाच झाडाच्या पाल्याचा काढा दोनदा केला तरी कण त्याच आकाराचे निघतील याची खात्री नाही. रंग पिवळा झाला म्हणजे कण झाले हे खरं, पण ते वीस नॅनोमीटरचे की दोनशेचे, हे डोळ्याला दिसत नाही, त्याला यंत्र लागतं. आणि जे जे पिवळं-तपकिरी झालं ते चांदीमुळेच, असंही नाही, काढा नुसता ठेवला तरी रंग बदलतो. एकाने मोरचूद आणि तुळशीचा काढा घालून 'नॅनो कॉपर' म्हणून बाटली आणून दिली होती. पंधरा दिवसांनी टेबलावरची ती बाटली पाहिली तर वर पांढरी साय धरलेली. बुरशीनाशकावर बुरशी. बाटली अजून ठेवली आहे, नवीन मुलं आली की दाखवतो.

मग नॅनो धातूंना कुठेच जागा नाही का? आहे, आणि तुमच्याच शेतात आहे, हळदीत नाही तर धुऱ्याकडच्या, म्हणजे बांधाकडच्या मिरचीत. का ते सांगतो. डायबॅक (फांदी शेंड्याकडून वाळत येते तो) आणि फळकुज करणारी कोलेटोट्रायकम ही खरी बुरशी आहे, आणि तिचा बीजाणू झाडाच्या बाहेर, फळाच्या किंवा फांदीच्या सालीवर पडतो. दवाने किंवा पावसाने साल काही तास ओली राहिली की तो रुजतो, मग आत शिरतो. पिकत्या फळावर खोलगट गोल डाग आणि त्यात वर्तुळाकार बारीक काळे ठिपके दिसतात, ते तिचंच काम. म्हणजे इथे रोगाची पहिली पायरी उघड्यावर घडते आणि फवारणी त्याच जागेवर बसते. मधे माती नाही. बारीक कण सालीच्या खाचाखोचांत बसतात, पटकन धुऊन जात नाहीत, दव पडलं की आयन सोडतात. इथे तांब्याच्या किंवा जस्ताच्या नॅनो कणांना खरोखर संधी आहे.

फायदा काय, तर तांब्याची बचत. कॉपर ऑक्सिक्लोराइड ५० टक्के, लिटरला अडीच ग्रॅम, म्हणजे लिटरला सव्वा ग्रॅम तांबं, १२५० पीपीएम. एक टक्का बोर्डोत तर त्याच्या दुप्पट. तेच काम काहीशे पीपीएममध्ये झालं तर जमिनीत जाणारं तांबं कितीतरी कमी होईल. तांबं सडत नाही, उडून जात नाही. एकदा मातीत गेलं की तिथेच राहतं, गांडुळांना आणि मातीतल्या जिवाणूंना त्रास देतं. युरोपीय संघाने म्हणूनच हेक्टरी सात वर्षांत २८ किलोची मर्यादा घातली आहे. नॅनोचं खरं आकर्षण मला तरी हे वाटतं. 'जालीम' वगैरे शब्द दुकानदाराचे.

अजून एक वाट आहे, ती मला जास्त विचार करण्यासारखी वाटते. अमेरिकेत कनेक्टिकटच्या कृषी प्रयोग केंद्रातल्या वेड एल्मर आणि जेसन व्हाइट यांनी टोमॅटो आणि वांग्याच्या रोपांच्या पानांवर तांब्याच्या ऑक्साइडचे नॅनो कण फवारले. २०१६ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. रोग मुळाकडचे होते, फवारणी पानांवर होती, तरी झाडं जास्त जोमदार राहिली. झाडाच्या स्वतःच्या बचावाची काही विकरं (एन्झाइम) तांब्याशिवाय चालत नाहीत, नॅनो कणांतून ते तांबं झाडाला चांगलं मिळालं, असा त्याचा अर्थ लावतात. म्हणजे बुरशीला मारणं नव्हे, झाडाला खाऊ घालणं. हळदीत असं काही होईल का, हे करून बघण्यासारखं आहे. पण तिथला रोग मर, म्हणजे झाड सुकवणारा होता, पिथियम नव्हता, आणि धातू तांबं होतं, चांदी नव्हती. तुमच्या बाटलीला त्यातलं काही लागू होत नाही.

दुकानदार 'सगळ्यावर चालते' म्हणतो, म्हणून भुरीवरही (पानांवर पिठासारखी पांढरी दिसते ती) एक ओळ. कोथिंबिरीची भुरी पानावर बसते, तिला वरून मारता येतं. मिरचीच्या भुरीचे धागे पानाच्या आत असतात, वरवरचा कोणताच धातू तिथे पुरेसा पोचत नाही.

आता बाटली हातात घेऊन उलटी करा. आपल्या देशात रोग मारतो म्हणून काहीही विकायचं तर १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखाली नोंदणी लागते. लेबलवर नोंदणी क्रमांक, सक्रिय घटकाचं नाव आणि प्रमाण, कोणत्या पिकाच्या कोणत्या रोगावर, आणि विषाच्या तीव्रतेचा रंगीत चौकोन हवा. तुमच्या बाटलीवर यातलं काय आहे? माझ्यासमोर आलेल्या अशा बऱ्याच बाटल्यांवर लेबलात 'वनस्पती टॉनिक' छापलेलं आणि कंदकुज फक्त दुकानदाराच्या तोंडात. तोंडी सांगितलेल्याची पावती नसते. नॅनो युरियाचं उदाहरण देतील. तो २०२१ मध्ये खत नियंत्रण आदेशात आला, खत म्हणून. खताची नोंदणी म्हणजे रोगावरची नोंदणी नव्हे. नॅनो निविष्ठा कशा तपासाव्यात याची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने २०२० मध्ये काढली आहेत, म्हणजे तपासायची पद्धत आहे. कंपनीला विचारा, तपासलं का?

मलाही याचा चटका बसलेला आहे. काही वर्षांपूर्वी एका विक्रेत्याच्या शब्दावर मी एका ओळखीच्या कास्तकाराला 'करून बघा' म्हणालो होतो. मिरचीत ऐन फुलोऱ्यात, भर दुपारी फवारलं. तिसऱ्या दिवशी फुलं गळाली, पानांच्या कडा भाजल्या. बाटलीत नॅनो किती आणि साधं विरघळलेलं तांबं किती हे कुणालाच माहीत नव्हतं. तो माणूस मला एक शब्द बोलला नाही, चहा पाजला, एवढंच म्हणाला, "सर, तुमी म्हनले म्हून मारलं." तेव्हापासून 'करून बघा' हे मी चार तासांपुढे, म्हणजे पिकाच्या चार ओळींपुढे, म्हणत नाही.

म्हणून तुम्हाला करूनच बघायचं असेल तर मिरचीत करा, आणि असं करा. मधले बारा तास निवडा, धुऱ्याजवळचे नको, तिथे सावली आणि ओल वेगळी असते. चार तास काहीच न मारता, चार तास लेबल असलेलं ताम्र बुरशीनाशक, चार तास नोंदणी असलेलं नॅनो उत्पादन मिळालं तर ते. सलग चार-चार नको, आलटून पालटून. प्रत्येक तासातल्या पाच झाडांना रंगीत दोरा बांधा आणि फक्त त्याच झाडांची डागाळलेली फळं प्रत्येक तोडणीला मोजून वहीत लिहा. पंप प्रत्येक वेळी धुवा, नाहीतर आधीचं तांबं पुढच्या तासात जातं. सकाळी दव वाळल्यावर किंवा उन्हं उतरल्यावर मारा. न मारलेले चार तास ठेवायला जिवावर येतं हे मला माहीत आहे. पण ते नसतील तर रोग औषधाने थांबला की ऊन पडल्याने, हे तुम्हाला कधीच कळणार नाही. दिवाळीच्या सुमाराला ऊन पडतं, रोग आपसूक कमी होतो आणि त्या आठवड्यात जे मारलं त्याचं नाव होतं.

फवारताना तोंडाला रुमाल बांधून भागवू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, ती आपलीच होती. कोरड्या पावडरीतल्या नॅनोला तर मी हातच लावू देत नाही. इतका बारीक कण फुफ्फुसात किती खोल जातो याचा विचार करा. घ्यायचंच तर द्रवरूप, मास्क, हातमोजे, वारा पाठीमागून.

हळदीचं मात्र थांबू नका. खालच्या धुऱ्याला कुदळीने वीतभर खोल चर काढा आणि प्रत्येक सरीचं तोंड त्यात मोकळं करा. सडलेली झाडं मातीसकट उपटा, वावराबाहेर न्या, उकिरड्यावर टाकू नका, तेच खत पुढच्या वर्षी परत येतं. सडलेल्या जागेभोवतीच्या दोन हातांतल्या चांगल्या झाडांना कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या मापाने बुंध्याशी ओता. कुज जास्तच पसरलेली असेल तर मेटॅलॅक्झिल असलेलं औषध, मात्रा लेबल बघून. वाफसा आल्याशिवाय ओतू नका, चिखलात ओतलेलं औषध उताराने नाल्यात जातं. पंधरा-वीस दिवसांनी शेणखतात मुरवलेली ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी द्या, आधी नाही, कारण तांबं तिलाही मारू शकतं. चांदीचा मारही तिला आणि मातीतल्या चांगल्या जिवाणूंना बसू शकतो. पुढच्या वर्षी बेणं या वावरातलं ठेवू नका. खालचे आठ-दहा तास गादीवाफ्यावर घ्या, किंवा तिथे हळदच नको. शेजारच्या गिरड भागात ज्यांची वायगाव हळद आहे त्यांच्याकडे निचऱ्याच्या जमिनीतलं निरोगी बेणं मिळतं का बघा.

उद्या झाड उपटून झालं की मला दोन कंद पाठवा, एक सडलेला आणि एक त्याच्या शेजारचा अजून हिरवा दिसणारा. मुठीएवढी माती लागलेली राहू द्या, धुऊ नका. वर्तमानपत्रात गुंडाळा. प्लास्टिकच्या पिशवीत घालू नका, त्यात दोन दिवसांत दुसऱ्याच बुरशा वाढतात आणि मी त्यांचंच निदान करत बसतो.